घरच्या घरी विद्वान घडवताना

आपले मूल तीन वर्षांचे झाले असेल आणि अजूनही दिवसभर नुसते खेळत असेल, तर आपण बराच उशीर केलेला आहे, हे प्रथम मान्य करावे. खेळातून मुले शिकतात असे तज्ज्ञ म्हणतात खरे, पण त्या शिक्षणाचे गुणपत्रक मिळत नाही आणि ते चारचौघांत दाखवताही येत नाही.

प्रारंभ अंकांपासून करावा. एक ते शंभर अंक मुलाकडून घडाघडा म्हणवून घ्यावेत आणि पाहुणे टेकायच्या आत त्यांना ते ऐकवावेत. मात्र पाहुण्यांच्या देखत ‘या ढिगातले पाच मणी मोजून दे’ असे मुलाला चुकूनही सांगू नये, कारण ते बहुधा मूठभर मणी उचलून देईल. संख्यांची नावे क्रमाने म्हणता येणे ही एक गोष्ट आणि मोजताना शेवटी उच्चारलेली संख्या म्हणजेच समोरच्या एकूण वस्तू, हे उमगणे ही अगदी दुसरी गोष्ट. ही दुसरी गोष्ट बहुतेक मुलांना साडेतीन-चार वर्षांच्या सुमारास उमगते आणि तीही जिन्याच्या पायऱ्या चढताना, सदऱ्याची बटणे लावताना, घरातल्या प्रत्येकासाठी एकेक ताट मांडताना, म्हणजे ज्या वेळी आपल्याला नेमकी घाई असते त्या वेळी. तेव्हा ताटे आपणच मांडावीत, बटणेही आपणच लावावीत आणि वाचलेल्या वेळात मुलाला शंभराच्या पुढचे अंक शिकवावेत.

साधनसामग्रीत कुचराई करू नये. मारिया माँटेसरी या डॉक्टर बाईंनी 1907 साली रोममधील एका गरीब वस्तीत कामगारांच्या मुलांसाठी बालगृह सुरू केले, त्यांच्या नावाने विकला जाणारा लाकडी ठोकळ्यांचा मनोरा अवश्य आणावा. एक सेंटिमीटरपासून दहा सेंटिमीटरपर्यंतचे ते दहा घन दिवाणखान्याच्या सर्वांत वरच्या फळीवर फार शोभून दिसतात. बाईंनी टेबले, खुर्च्या आणि कपाटे मुलांचा हात पोहोचेल इतकी बुटकी करून घेतली होती, पण त्यांना आपल्यासारखा दिवाणखाना सजवायचा नव्हता.

मुलाला चित्रे काढायची आवड असेल, तर ती तशीच मोकळी सोडणे धोक्याचे आहे. प्रत्येक चित्राला बक्षीस ठेवावे आणि ते आधीच जाहीर करावे. अमेरिकेतील लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी 1973 साली एका बालवाडीत हा प्रयोग करून पाहिला. चित्रकलेची मुळातच आवड असलेल्या मुलांपैकी काहींना त्यांनी प्रशस्तिपत्राचे आमिष दाखवले. आमिष न दाखवलेल्या मुलांच्या तुलनेत ही मुले पुढे मोकळ्या वेळात जवळपास निम्माच वेळ चित्रांकडे वळली. निम्मा वेळ वाचला! तो वाचलेला वेळ इंग्रजी स्पेलिंगच्या पाठांतराला देता येतो, हे त्या विद्वानांच्या लक्षात आले नसावे.

भाषेसाठी मोबाइल उत्तम. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांशी काही जण समोर बसून चिनी भाषेत बोलले, खेळले आणि बाळे त्या भाषेतील ध्वनी ओळखू लागली. तेच बोलणे दुसऱ्या बाळांना पडद्यावर दाखवले तेव्हा ती काहीच शिकली नाहीत. यावरून कोणी असा निष्कर्ष काढील की, मुलाशी आपणच बोलावे. पण मग आपला मोबाइल कोण पाहणार? जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी पडद्याची मर्यादा दिवसाला जास्तीत जास्त एक तास सांगितली आहे, आणि तो तास कधी सुरू झाला हे आपल्याला आठवत नसेल तर तो संपण्याचा प्रश्नच येत नाही. मुलाने ‘चंद्र आपल्याबरोबर का चालतो?’ असे विचारलेच, तर त्याचा व्हिडिओ लावून द्यावा. ‘तुला काय वाटतं?’ असे उलट विचारल्यास संभाषण वाढत जाते आणि त्याला अंत राहत नाही.

एवढे करूनही मूल न्हाणीघरात एका भांड्यातले पाणी दुसऱ्या भांड्यात ओतत बसलेले आढळले, तर भांडी तत्काळ जप्त करावीत. पसरट भांड्यातले पाणी उंच, अरुंद भांड्यात ओतले की ते वाढते, असे त्या वयाच्या मुलांना वाटते, आणि ही समजूत साधारण सात वर्षांच्या आसपास मागे पडते, असे स्विस मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांनी दाखवून दिले. आपण सात वर्षे थांबू नये. ‘पाणी तेवढेच राहते’ हे वाक्य सुवाच्य अक्षरांत दहा वेळा लिहून घ्यावे आणि सांडलेले पाणी लगेच पुसावे, कारण पुढच्या अर्ध्या तासात विज्ञानाची ऑनलाइन शिकवणी सुरू होणार असते.