शेअर निम्मा म्हणजे श्रोते निम्मे नव्हेत

अमेरिकेत एखाद्या हिप हॉप रेडिओ स्टेशनचा शेअर निम्म्यावर आला की 'निम्मे श्रोते पळाले' असं फिरवलं जातं. ते चूक आहे. शेअर म्हणजे रेडिओ ऐकण्याच्या एकूण वेळेतला वाटा. माणसं मोजतात ती 'क्यूम'मध्ये, म्हणजे किती वेगवेगळ्या माणसांनी स्टेशन ऐकलं त्या आकड्यात. तेवढीच माणसं निम्मा वेळ ऐकू लागली, तरी शेअर 6 टक्क्यांवरून 3 टक्क्यांच्या आसपास येतो. शिवाय मोठ्या शहरांतलं, श्रोते मोजणाऱ्या नील्सन कंपनीचं मीटर पूर्वी पाव तासात 5 मिनिटं ऐकलं तरच नोंद धरायचं. जानेवारी 2025 पासून 3 पुरतात. म्हणून 2024 आणि 2025 चे आकडे थेट शेजारी ठेवू नयेत. आवड बदललीय, हे मात्र खरं: नवी गाणी तरुण फोनवर ऐकतात, आणि निव्वळ जुनं हिप हॉप वाजवणाऱ्या स्टेशनांची लाट 2014 मध्ये ह्यूस्टनपासून उसळली.