मोडशी

गेल्या आठवड्यात भाच्याला पणजीत दवाखान्यात न्यावं लागलं. रात्रभर उलट्या-जुलाब, डोळे खोल गेलेले, हातपाय गार. आई म्हणाली, "डॉक्टर, मोडशी झालीय त्याला." तरुण डॉक्टर हसले. "मोडशी? असा काही आजार नसतो, आजी." आई गप्प बसली.

त्यांनी सलाईन लावलं, पोर सावरलं, त्यांचे उपकार आहेतच. पण ते वाक्य मनातून जात नाही. कारण हा शब्द युरोपच्या वैद्यकात गेला तो आपल्या गोव्यातून.

गार्सिया द ऑर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ साली गोव्यात आला. त्याचा ग्रंथ १५६३ साली इथेच छापला गेला. त्यात पटकीचं, म्हणजे कॉलऱ्याचं, वर्णन करताना तो या रोगाचं इथल्या लोकांच्या तोंडचं नाव नोंदवतो: मोर्शी. आपली मोडशीच ती, फक्त परक्या कानाने 'ड'चा 'र' केला. पोर्तुगिजांनी तिचं 'मोर्देशिं' केलं आणि फ्रेंचांनी त्यात स्वतःचेच शब्द ऐकले: 'मोर द शियँ', म्हणजे कुत्र्याचं मरण! मूळ शब्दात ना कुत्रा, ना मरण. शब्द आला 'मोडणे'वरून.

आणि मला हेच नाव सगळ्यांत खरं वाटतं. 'कॉलरा'च्या मुळाशी ग्रीकांचं पित्त आहे, आणि पित्ताचा तर या रोगाशी संबंधच नाही. तो जंतूचा रोग. आपल्या वैद्यांची 'विषूचिका' सुया टोचल्यासारख्या वेदनेवरून आली, ती निदान रोग्याचं दुखणं तरी सांगते. 'मोडशी' म्हणणाऱ्याने रोग्याकडे नीट पाहिलं होतं. पिंडऱ्यांत गोळे, आवाज बसलेला, बोटांची कातडी सुरकुतलेली. काल शेतात राबणारा माणूस संध्याकाळपर्यंत मोडून पडतो. कारण ठाऊक नसताना त्याबद्दल खोटं काही न बोलणारं हे नाव आहे.

आज मोडशी म्हणजे पटकी नव्हे, हे मान्य. शब्द आक्रसत बिघडलेल्या पोटापुरता उरला. पण आईने तो चुकीचा वापरला नव्हता. म्हातारं माणूस घरचा शब्द घेऊन येतं तेव्हा डॉक्टरांनी एकदा तरी विचारावं, "म्हणजे नेमकं काय होतंय?"

घरी आल्यावर आईने पातळ पेज केली, वर जिरं घातलं. ऑर्तानेही या रोगावरचा इथला उपाय लिहून ठेवलाय: तांदळाचं पाणी, मिरी आणि जिरं घालून. भाचा वाटीभर प्यायला आणि झोपला.