बागेत पाणी दिसले पाहिजे

सोसायटीच्या वार्षिक सभेत उन्हाळ्यातील टँकरच्या बिलावर वाद चालू होता आणि वडे यायला अवकाश होता, म्हणून मी सहज म्हणालो, "बागेला ठिबक बसवून टाकू या की." पुण्याच्या सोसायटीत सूचना करणारा माणूसच त्या विषयातला तज्ज्ञ ठरतो, हे मला कळायला हवे होते. वडे येईपर्यंत उद्यान उपसमिती स्थापन झाली होती आणि तिचा अध्यक्ष, चिटणीस व एकमेव सदस्य मीच होतो.

आधी हिशेब हवा, म्हणून मी माळीकाकांच्या पाइपाखाली 15 लिटरची बादली धरली. ती 50 सेकंदांत भरली. म्हणजे मिनिटाला 18 लिटर या वेगाने काका रोज दोन तासांत 2,160 लिटर पाणी सोडत होते आणि त्यातला चांगला वाटा पार्किंगमधील मोटारींच्या चाकांना मिळत होता. याउलट ड्रिपर, म्हणजे नळीवरची थेंब-थेंब पाणी सोडणारी तोंडे, ताशी 4 लिटरची 240 घेऊन अर्धा तास चालवली, तर 480 लिटरांत काम भागणार होते. हा गुणाकार मी तीन वेळा केला, कारण तो करताना फार बरे वाटत होते.

ठिबकचे मूळही मोठे गमतीचे आहे. 1930 च्या दशकात सिम्हा ब्लास नावाच्या जलअभियंत्याला पाणी न घालता वाढलेले एक झाड दिसले. खाली पाहतात तो पाइपाचा जोड गळत होता. त्यावरून पुढे ड्रिपर निघाला आणि 1965 मध्ये इस्राएलच्या हात्झेरिम वसाहतीत त्याचा कारखाना उभा राहिला. पिंडीवर टांगलेले अभिषेकपात्र शतकानुशतके हेच करत आले आहे, पण आपल्याकडे त्याखाली झाड लावायचे कोणाला सुचले नाही.

नळ्या बसल्या आणि माझे शिक्षण सुरू झाले. जास्वंद आणि बोगनवेल मी एकाच नळीवर घेतली होती. बोगनवेल पाण्याचा ताण बसल्याशिवाय फुलायला राजी नसते; रोजच्या पाहुणचाराने ती हिरवीगार माजली आणि तिने फूल म्हणून दाखवले नाही. मग तिला वेगळी नळी आणि वेगळा व्हॉल्व्ह द्यावा लागला. ज्यांची तहान सारखी, त्यांनाच एका नळीवर घ्यायचे, हा या शास्त्रातला पहिला नियम आहे आणि तो सगळे खणून झाल्यावर कळतो.

त्यानंतर कुंपणाकडची झाडे सुकू लागली. ताशी 4 लिटर म्हणजे तीन मिनिटांत 200 मिलिलिटर, म्हणजे एक पेला, असे गणित मांडून मी स्टीलचे पेले आणि घड्याळ घेऊन झाडाखाली उकिडवा बसलो. टाकीजवळचा पेला वेळेआधीच ओसंडला. शेवटच्या झाडापाशी तळाला जेमतेम चमचाभर पाणी जमले. 16 मिलिमीटरची नळी लांबत गेली की दाब उतरत जातो. त्यावर उपाय म्हणून दाब कमीजास्त झाला तरी सारखेच पाणी देणारे ड्रिपर मिळतात. पण ते महाग पडतात म्हणून उपसमितीने नामंजूर केले होते. मी पेल्यात डोकावत असताना तळमजल्यावरच्या आजींनी गॅलरीतून विचारले, "काय हो, तीर्थ घेताय का?"

पण दोष एकट्या दाबाचा नव्हता. एका रविवारी टाकीजवळ गेलो, तर गाळणीच्या आतल्या चकत्या काढून काकांनी खिळ्याला अडकवून ठेवलेल्या. "साहेब, ती पाण्याला अडवत होती," ते म्हणाले. ती पाण्यातील गाळ अडवत होती. आता तो गाळ ड्रिपर अडवत होते आणि त्यावर आमच्या बोअरच्या पाण्यातील क्षारांचा पांढरा थर बसला होता. चाळीस ड्रिपर उघडून मी ते रात्रभर व्हिनेगरमध्ये घातले. बरणीत बुडबुडे पाहून सौभाग्यवतींनी "हे कसले लोणचे?" एवढेच विचारले, आणि उत्तर ऐकल्यावर बरणी कायमची माझ्या नावावर केली.

सगळे सुरळीत झाल्यावर मी पहाटे पाचचा टायमर लावला, कारण त्या वेळी ऊन नसते, वारा नसतो आणि पाणी वाफ होऊन उडत नाही. मात्र त्या वेळी सभासदही जागे नसतात. महिन्याभरात तक्रारींचा खच पडला: बागेला कोणी पाणीच घालत नाही. वर पालापाचोळ्याचे आच्छादन असल्याने खालची ओल कोणाला दिसेना. सेक्रेटरींनी काकांना झापले आणि काका नऊ वाजता पुन्हा पाइप घेऊन उभे राहू लागले. सभासद समाधानी झाले. पाण्याचा खर्च 2,160 अधिक 480, म्हणजे 2,640 लिटरांवर गेला. आमची माणसे एरवी कंजूष नाहीत. त्यांना फक्त पाणी वाहताना दिसावे लागते.

मी उसळून काकांचा पाइपच कुलपात ठेवला आणि बचतीच्या त्याच आवेशात प्लंबरला बोलावून फाटकाजवळचा गळका नळ दुरुस्त करून घेतला. आठवड्याभरात सेक्रेटरी दारात उभे राहिले. नळाखालचा अळू, ज्यावर अर्ध्या सोसायटीच्या अळूवड्या होत, पार मान टाकून बसला होता. "तुमच्या ठिबकने अळू मेला," ते म्हणाले. तिथे ठिबकची नळी गेलेलीच नाही, हे मी त्यांना नकाशावर दाखवले. त्यांनी नकाशा नीट पाहिला, घडी घालून परत दिला आणि आवाज खाली आणून विचारले, "तो नळ पुन्हा थोडा सैल करता येईल का?"