नंदूने ते वाक्य खोडलं

पिठाची गिरणी बंद पडून जमाना झाला, पण तिच्या पायऱ्या शाबूत आहेत. रविवारी सकाळी समोरच्या अमृततुल्यातला चहा तिथंच येतो. चारजण ठरलेले: मास्तर, पक्या, वैशू आणि मी. नंदू पाचवा, पण त्याचा भरवसा नाही. सोमवार ते शनिवार तो पतपेढीत कर्जाच्या फायली बघतो आणि पहाटे साडेचार ते साडेसहा १६७० सालात असतो. सात वर्षं एकच कादंबरी चालू आहे.

काल आला तो बसायच्या आधीच म्हणाला, "ते वाक्य खोडलं."

कुठलं, हे कुणी विचारलं नाही. तानाजी पडल्याची बातमी राजगडावर पोचते, त्या प्रकरणाशी तो दिवाळीपासून झटतोय.

"'गड आला पण सिंह गेला' खोडलंस?" पक्याचा कप हातातच राहिला. "मग उरलं काय? मी तर तेवढ्यासाठीच वाचणार होतो."

"अरे, १६६३ च्या पत्रात महाराज स्वतः 'सिंहगड' लिहितात. तानाजी पडला १६७० ला. म्हणजे त्याच्यामुळे नाव पडलं ही गोष्टच उडाली. आणि वाक्य हरिभाऊ आपट्यांच्या कादंबरीमुळे घरोघरी गेलंय. मी ते महाराजांच्या तोंडी घालू?"

"मग काय घालणार?"

उत्तर मास्तरांनी दिलं. इतिहास शिकवून निवृत्त झालेत, पण तास अजून संपलेला नाही. "बखरकार सभासद काय म्हणतो? 'एक गड घेतला, परंतु एक गड गेला.' बखर जिंजीला लिहिली, राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून. माणूस महाराजांच्या पदरचा. त्यात सिंह नाही. मला विचारशील तर सिंहापेक्षा हेच भारी आहे. माणसालाच गड म्हणतोय."

"पण मास्तर, सभासदाने तरी कानांनी ऐकलं का? लिहिलं वीस-पंचवीस वर्षांनी."

"तेवढं म्हणशील तर तुझी चारशे पानं आत्ताच गिरणीत घाल."

हे नंदूला लागलं. मग तो चंद्रावर आला. अडचणीत सापडला की तो हटकून चंद्रावर येतो. त्याचं झालं असं की कडा चढण्याच्या प्रसंगात त्याने 'डोळ्यात बोट घातलं तरी दिसेना' असा काळोख लिहिला होता. छान चार पानं जमली होती. मग पंचांगाच्या हिशेबाला बसला. ती तिथी माघ वद्य नवमी. नवमीला मध्यरात्र उलटली की अर्धा चंद्र उगवतो. म्हणजे उशिरा चढले तर कड्यावर चांदणं, लवकर चढले तर काळोख, आणि चढले किती वाजता हे बखर सांगत नाही. चारही पानं गेली. आता त्याने असं केलंय की वर पोचलेल्या पहिल्या माणसाच्या पाठीमागे चंद्र उगवतो आणि त्याची सावली तटावर पडते. त्या माणसाला स्वतःच्या सावलीचीच धास्ती वाटते. मला हे भलतंच आवडलं. चूक सापडली नसती तर ही सावली सुचली नसती.

"आणि घोरपड?" पक्याने आशेने विचारलं.

"ती तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यातली. सभासद म्हणतो, वानरासारखे चढले."

"म्हणजे घोरपडही गेली. सिंह गेला, घोरपड गेली, प्राणिसंग्रहालयच बंद केलंस."

मास्तरांनाही हसू आलं. मग पक्याने मुद्द्याचं विचारलं. हरिभाऊंनी असं सगळं तपासलं नसेल, तरी लोकांनी वाचलंच ना?

"त्यांना तुझ्यासारखी सात वर्षं कुठे होती, नंदू?" मास्तर म्हणाले. "१८९० ला 'करमणूक' काढलं, साप्ताहिक. आठवडा आला की मजकूर हवाच. शिवाय आनंदाश्रमाचा कारभार, नगरपालिका. काही कादंबऱ्या अपुऱ्याच राहिल्या. तेव्हाच्या वाचकाला पुढच्या अंकाची ओढ होती, तुला चंद्राची आहे."

वैशू इतका वेळ गप्प होती. ती मोडीच्या वर्गाला जाते, त्यामुळे आमच्यापेक्षा कमी बोलते आणि जास्त वाचते. म्हणाली, "नंदू, तू वाक्य चुकीच्या कारणासाठी खोडलंस. गडाचं नाव आधीच सिंहगड असेल, तर 'सिंह गेला' उलट जास्त लागतं. ज्याच्या नावातच सिंह, तो गड हाती आला आणि सिंह गेला. नावामागची गोष्ट खोटी ठरली म्हणून वाक्य खोटं ठरत नाही. ते म्हटल्याचा पुरावा नाही, हे कारण वेगळं. ते असेल तर खोड."

नंदू बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "माझा नायक बातमी नेणारा जासूद आहे. आदल्या रात्री गडावरच्या आगीचा उजेड राजगडावरून दिसला, महाराज म्हणाले गड घेतला. दुसऱ्या दिवशी हा उरलेलं सांगतो. सांगून झाल्यावर त्याला सदरेबाहेर काढलं तर? मग महाराज काय म्हणाले ते त्याला ऐकूच येत नाही."

"चारशे पानं वाचून मी दाराबाहेर उभा राहू?" पक्या भडकला. "पैसे परत दे."

"अजून पुस्तक निघालेलं नाही."

"निघाल्यावर दे."

मास्तर मात्र वेगळ्याच विचारात होते. "बाहेर आल्यावर तो खातो काय?"

"नाचणीची भाकरी."

"कशाशी?"

"आधी शेंगदाण्याची चटणी होती. पण भुईमूग मूळचा दक्षिण अमेरिकेतला. खोडली. आता कारळ्याची."

"मिरची घातलीस का तिच्यात?"

नंदूने खिशातून पेन काढलं.