फुल बॉडी पेट-सीटीत मिश्रीचा चट्टा दिसत नाही

ठाण्यातल्या घोडबंदर रोडवरच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: "चाळिशीनंतर दरवर्षी फुल बॉडी पेट-सीटी करा. कुठलाही कॅन्सर सुरुवातीलाच कळतो, बायोप्सी लागत नाही, रेडिएशन एका एक्स-रेइतकंच. ग्रुप बुकिंगला सवलत." तो माझ्या मावशीपर्यंत पोचला. तिला त्रास काही नाही. डायबेटिस आहे, वर्षानुवर्षं मिश्री, म्हणजे भाजलेला तंबाखू, लावते, आणि आता पैसे भरायला निघाली आहे.

रेडिएशनचं आधी उरकू. धादांत खोटं आहे. छातीच्या एक्स-रेला साधारण ०.१ मिलिसिव्हर्ट (रेडिएशन मोजायचं एकक) धरतात. पेट-सीटीला मशीन आणि पद्धतीप्रमाणे १० ते २५. म्हणजे निदान शंभर एक्स-रे, तेही दरवर्षी.

"कुठलाही कॅन्सर कळतो" हे मात्र जिवावर बेतणारं आहे. पेट-सीटीत एफडीजी नावाची किरणोत्सारी साखर शिरेतून देतात, तासभर शांत पडून राहायला सांगतात. जो भाग ती जास्त खेचतो तो चमकतो. आठ-दहा मिलिमीटरपेक्षा लहान गाठ सहज निसटते. तोंडात टॉन्सिल आणि लाळग्रंथी मुळातच साखर ओढतात, दातातल्या धातूमुळे सीटीवर रेघोट्या उमटतात. गालाच्या आतला पातळ पांढरा चट्टा त्यात दिसणार कसा? खाली तीच साखर लघवीतून बाहेर पडते, मूत्राशय लखलखतं, आणि त्याला लागूनच गर्भाशयाचं मुख. तिथले कॅन्सरपूर्व बदल पेटवर दिसत नाहीत. डायबेटिसची मेटफॉर्मिन गोळी चालू असेल तर आतडं असं उजळतं की त्यातली गाठ झाकली जाते. आपल्याकडे तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाचे कॅन्सर सर्वांत जास्त, आणि ते कोवळे असताना हा स्कॅन भरवशाचा नाही. "रिपोर्ट नॉर्मल आला" म्हणून मिश्री चालूच राहिली तर?

बायोप्सी टळत नाही, उलट वाढते. टीबी, साधा संसर्ग, नुकतीच घेतलेली लस, सगळंच चमकतं. मग रिपोर्टात येतं, "टीबी की मॅलिग्नन्सी, हिस्टोपॅथॉलॉजी करावी." म्हणजे टीबी की कॅन्सर ते तुकडा काढून तपासा, बायोप्सीच. फुप्फुसात सुई घातली की कधी हवा निसटून छातीत नळी घालायची वेळ येते, आणि शेवटी निघतो जुना टीबीचा डाग.

एवढं मान्य, की निदान झालेल्या कॅन्सरचा पसारा मोजायला पेट-सीटी उत्तम. कॅन्सरचा धोका खूप वाढवणारा ली-फ्रॉमेनीसारखा जनुकीय दोष असेल तर दरवर्षी फुल बॉडी एमआरआय सुचवतात. ती माणसं वेगळी.

आपल्याच मुंबईत टाटा मेमोरियलने दीड लाख बायकांवर वीस वर्षं अभ्यास केला. २०२१ मध्ये तो ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. निम्म्या बायकांचे स्तन प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी दर दोन वर्षांनी, चार फेऱ्यांत, हातांनी तपासले. पन्नाशीपुढच्या बायकांत स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीखाली तो फरक दिसला नाही, हेही त्यातच आहे. कुठलंही मशीन नव्हतं. फुल बॉडी स्कॅनने धडधाकट माणसांचं आयुष्य वाढतं असा पुरावा नाही, हे अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीनेच २०२३ मध्ये सांगितलंय.

मावशीला न्यायचं ते कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात, ईएनटी ओपीडीत. टॉर्च लावून गालाची आतली बाजू, हिरड्या, जिभेच्या कडा आणि जिभेखाली बघायचं. तोंड पुरेसं उघडतं का, म्हणजे तीन बोटं उभी आत जातात का, ते पाहायचं. तीन आठवड्यांत न भरलेला चट्टा असेल तर त्याचीच बायोप्सी. मिश्रीचा डबा आजच बाहेर.