दिवा पेटला म्हणजे कपॅसिटर चालू, असे कोणी सांगितले?

गेले आठ महिने इंदूरच्या सांवेर रोडवरील आमच्या छोट्या कारखान्याच्या वीजबिलात कमी पॉवर फॅक्टरचा (ओढलेल्या विजेपैकी प्रत्यक्ष कामी येणाऱ्या वाट्याचा) अधिभार लागून येत होता, आणि त्याच आठ महिन्यांत तो पॉवर फॅक्टर सुधारण्यासाठी बसवलेल्या कपॅसिटर पॅनेलच्या देखभालीचे वर्षभराचे पैसे आगाऊ घेतलेला ठेकेदार तीन वेळा येऊन, पॅनेलवरचे तीन लाल दिवे पाहून, वहीत ‘सर्व व्यवस्थित’ असे लिहून सही करून गेला. बिलावर छापलेला ०.७५ हा आकडा मी त्याला दाखवला, तेव्हा त्याने मीटरलाच दोष दिला.

हा दिवा दाखवतो तरी काय? कॉन्टॅक्टर, म्हणजे कपॅसिटरला लाइनशी जोडणारा स्विच, ओढला गेला आहे आणि तिथपर्यंत व्होल्टेज पोहोचले आहे, एवढेच. त्यापुढचा कपॅसिटर आतून निकामी झालेला असला तरी दिवा तसाच लख्ख पेटतो. तपासायचा असतो तो करंट. ४१५ व्होल्टवर ५ केव्हीएआरच्या (हे कपॅसिटरच्या क्षमतेचे माप) थ्री फेज कपॅसिटरने प्रत्येक फेजमध्ये सुमारे ७ अँपिअर घेतलेच पाहिजेत. वायरीभोवती टाँग टेस्टर, म्हणजे करंट मोजणारा चिमटा, अडकवून आकडा वाचायला दोन मिनिटेसुद्धा लागत नाहीत. शेवटी शेजारच्या कारखान्यातून टाँग टेस्टर मागून आणून मी स्वतःच पाहिले. दोन कपॅसिटरांवर शून्य होते, तिसऱ्यावर जेमतेम ४ अँपिअर, आणि तिन्ही दिवे पेटलेले!

आमचा लोड फार मोठा नाही. लेथ, ड्रिल, शेपर आणि वेल्डिंगचा सेट मिळून एका वेळी सुमारे २० किलोवॅट चालतात. या यंत्रांना चुंबकक्षेत्र उभे करण्यासाठी जी प्रतिघाती वीज लागते, ती कपॅसिटरने जागच्या जागी पुरवली नाही तर लाइनमधूनच ओढली जाते; म्हणून ०.७ पॉवर फॅक्टरवर याच कामाला सुमारे ४० अँपिअर लागतात आणि तो ०.९५ वर आणला की २९ अँपिअरमध्ये भागते. त्यासाठी सुमारे १४ केव्हीएआर पुरेसे होतात, म्हणून ५-५ चे तीन कपॅसिटर बसवले होते. हिशेब बरोबर होता, पैसे मोजले होते, फक्त ज्याने लक्ष द्यायचे त्याने ते दिले नाही.

कपॅसिटर मेले कशाने, हेही पॅनेल उघडताच दिसले. पत्र्याच्या छपराखाली, भिंतीला चिकटवलेल्या बंद डब्यात, हवा जायला एक फट न ठेवता तिन्ही कपॅसिटर एकमेकांना खेटून बसवलेले होते. इंदूरचा मे महिना बाहेरच ४० अंशांच्या वर जातो, तिथे त्या डब्यात काय होत असेल? एकाचे झाकण फुगलेले तर नुसत्या डोळ्यांनी दिसत होते.

यावर त्या ठेकेदाराचा सल्ला असा की, सरळ २५ केव्हीएआरचे एकच युनिट लावून ते कायम चालू ठेवावे. म्हणजे जेवणाच्या सुट्टीत मोटरी बंद असताना गरज नसताना कपॅसिटर चालू राहून पॉवर फॅक्टर उलट्या बाजूला, लीडिंगकडे जाणार, याचा विचार त्याच्या मनाला शिवलासुद्धा नाही. याच अज्ञानावर पोट भरणाऱ्या एकाने रामबागेतल्या आमच्या वहिनींच्या गळ्यात ‘वीज वाचवणारा डबा’ मारला आहे. घरगुती मीटर युनिटे मोजतो, आणि प्लगमध्ये त्या डब्यातला कपॅसिटर खोचल्याने पंख्याची किंवा फ्रिजची युनिटे कमी होत नाहीत. पण हे त्या माऊलीला सांगायला तो परत येणार थोडाच आहे!

परवा कराराच्या नूतनीकरणाचा कागद आला. कामाच्या यादीत ‘इंडिकेटर दिव्यांची पाहणी’ हे कलम जसेच्या तसे होते. ते मी खोडले, त्याजागी प्रत्येक कपॅसिटरच्या तिन्ही फेजचे अँपिअर लिहिण्याचे कोष्टक जोडले आणि कागद परत पाठवला. ते कोष्टक माझ्यासमोर भरल्याशिवाय यापुढे त्याला एक रुपयाही मिळणार नाही.