डोकं कुठे करायचं?

फ्लॅट घेताना मी दिशा पाहिलीच नव्हती. "जावईबापू, दार दक्षिणेला आहे हो," असं वास्तुशांतीच्या दिवशी सासूबाईंनी सांगितलं, तेव्हा कळलं. तोच मी गेले पंधरा दिवस माझ्या मॉडेल विमानाच्या ७.५ सीसीच्या इंजिनाचं डोकं कुठल्या दिशेला करावं, या विवंचनेत आहे.

इंजिन मुठीत मावेल एवढं, चार स्क्रूंवर बसणारं. विमान बाल्साच्या हलक्या लाकडाचं, ५ फुटी पंखांचं. पण सिलिंडरचं डोकं वर, खाली की आडवं, यावर आमच्या मैदानात दोन माणसांचं एकमत नाही.

वर ठेवलं तर इंजिन मुकाट सुरू होतं, पण नाकावर गळू आल्यासारखं दिसतं. स्पिटफायर लढाऊ विमानाची ऐट आणायची आणि नाकावर गळू? खाली केलं तर विमान देखणं. पण इंधनातलं मिथेनॉल आणि एरंडेल ओघळून नेमकं ते पेटवणाऱ्या ग्लो प्लगपाशी जमतं, प्लग थंड पडतो, आणि रविवारची सकाळ प्रॉपेलरला टिचक्या मारण्यात जाते. उतरताना नाक आपटलं तर पहिला मार डोक्यालाच. शिवाय टाकीचा मध्य कार्बोरेटरच्या पातळीत हवा. म्हणजे डोकं फिरवलं की टाकीचंही बिऱ्हाड हलवा.

एसटीच्या वर्कशॉपातून निवृत्त झालेले, बोटांना कायम एरंडेलाचा वास असलेले आमचे नाना म्हणाले, "आडवं कर. डोकं उजवीकडे. सायलेन्सर आपोआप खाली जातो, तेल विमानावर उडत नाही."

पटलं. रात्री जेवणं झाल्यावर डायनिंग टेबलावर पेपर पसरून काउल, म्हणजे इंजिनावरचं फायबरचं झाकण, कापायला घेतलं. भोक इतकं सुबक झालं की बायकोला दोनदा दाखवलं. मग इंजिन बसवलं, तर सायलेन्सर वर! पायलटच्या काचेसमोर, बंबाच्या धुराड्यासारखा.

उजवीकडे म्हणजे विमानाच्या उजवीकडे. मी बसलो होतो नाकासमोर. माझी उजवी ती त्याची डावी.

"मग पलीकडेही पाडा एक भोक," बायको टेबल पुसायचं फडकं घेऊन उभीच होती. "समोरासमोर खिडक्या असल्या की हवा खेळती राहते."

मी कीव आल्यासारखा हसलो आणि नानांना फोन लावला. तिचा विनोदही सांगितला.

"विनोद कसला? सूनबाईचं बरोबर आहे," नाना म्हणाले. "हवा आत शिरते त्याच्या दुप्पट तरी वाट बाहेर पडायला लागते, नाहीतर इंजिन तापतं. राहू दे ते भोक."

हाताला फायबरची भुकटी होती, म्हणून फोन स्पीकरवर होता.